हापशाखालचा चिखल

शनिवारी दुपारी तीन वाजता वायसर चर्चच्या सभागृहात आला, तेव्हा दहा फ्रेम भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. त्याच्या एका हातात ड्रिल होतं, काखेत घडीची शिडी आणि खिशात स्क्रूची पुडी. काम तासाभराचं होतं.

वायसर हे त्याचं खरं नाव नव्हे. तो नळदुरुस्ती करायचा, आणि कुणी नुसतं "नळ गळतोय" म्हटलं की जागेवरूनच सांगायचा, "वायसर बदलू." दहापैकी आठ वेळा ते बरोबर निघायचं. चर्चच्या मंडळीत वीस वर्षं त्याला याच नावाने हाक मारत. एकदा पाळकसाहेबांनी भर उपासनेत "आमचे बंधू वायसर यांच्या गुडघ्याला आराम दे" अशी प्रार्थना केली होती आणि सगळ्यांनी गंभीरपणे आमेन म्हटलं होतं.

फ्रेममध्ये हापसे होते. समुद्रापलीकडच्या एका कोरड्या, गरीब मुलखात या मंडळीने दहा वर्षांत दहा गावांना दहा हापसे बसवून दिले होते. हे काम पाणी समितीचं, आणि पाणी समिती म्हणजे आक्का. आक्का ही वायसरची थोरली बहीण, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी, निवृत्त मुख्याध्यापिका. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. शाळेत नापास झाला तेव्हा कान धरून हुन्नर शिकायला पाठवलं तेही तिनेच. मंडळीत तिला सगळे बाई म्हणत. तिला आक्का म्हणणारा आता तो एकटाच उरला होता.

उद्या, रविवारी, दहा वर्षं पूर्ण झाल्याबद्दल मंडळी आक्काचा सत्कार करणार होती. ही गोष्ट तिला कळू द्यायची नाही असं ठरलं होतं, त्यामुळे तिनेही त्याबद्दल कुणाला विचारलं नव्हतं. कपडे मात्र कालच इस्त्री करून ठेवले होते.

"सरळ रेषेत लाव रे," आक्का म्हणाली. ती टेबलापाशी बसून प्रत्येक फ्रेमखाली लावायच्या चिठ्ठ्या लिहीत होती. "मागच्या वेळचं घड्याळ अजून तिरकं आहे."

"घड्याळ सरळ आहे. भिंत तिरकी आहे."

"तुझं बरंय. नेहमी भिंतीचंच चुकतं."

वायसरने पहिली फ्रेम उचलली. हापसा बसवल्यावर काढलेला फोटो दर वर्षी सूचनाफलकावर लागायचा, पण तो पोस्टकार्डाएवढा. या वेळी आक्काने दहाही गावांकडून नवे फोटो मागवले होते आणि ते हातभर मोठे करून घेतले होते. मध्यभागी हापसा, बाजूला बायका, पुरुष, मुलं, धुतलेले कपडे, हसरे चेहरे, पुढे भरलेली भांडी. हापशाच्या अंगावर देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी. पाटी इतकी लखलखत होती की नाव लांबून वाचता येत होतं.

त्याने फ्रेम टांगली, शिडीवरून उतरला, आणि सरळ आहे का बघायला मागे सरकला. मग पुन्हा पुढे आला. चष्मा कपाळावर ढकलून त्याने फोटोला जवळजवळ नाक लावलं.

"काय झालं?" आक्काने विचारलं.

"काही नाही."

दुसरी फ्रेम त्याने टांगली नाही. उचलून खिडकीशी नेली. मग तिसरी नेली. मग सगळ्या ओळीने जमिनीवर मांडून तो गुडघ्यांवर बसला, ज्या गुडघ्यांना अजून आराम पडला नव्हता.

चालत्या हापशाखाली जमीन ओली असते. कितीही काळजी घ्या, भांड्याबाहेर पाणी सांडतंच. तिथे चिखल होतो, कडेला गवत उगवतं, सिमेंटवर हिरवा शेवाळी डाग पडतो. दांडा जिथे हाताने धरतात तिथे तो गुळगुळीत होतो आणि सांध्याचं लोखंड घासून चकाकतं. नळवाल्याला हे शिकवावं लागत नाही. पहिल्या फोटोत जमिनीला भेगा होत्या. तिसऱ्यात दांड्यावर एक लंगोट वाळत होता. पाचव्यात तोटीच्या तोंडाला कोळ्याचं जाळं होतं, आणि शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेल्या चार घागरी.

"आक्का, हे पाणी हापशाचं नाही."

"कुठलं पाणी?"

"या घागरीतलं. हे दुसरीकडून आणलंय. हापसा बंद आहे." त्याने फ्रेमवरून बोट फिरवलं. "हा बंद. हा बंद. हा चालू आहे, चिखल बघ किती. हा बंद. मला सात बंद वाटतायत."

आक्काने पेनाला टोपण लावलं. पूर्वी वर्गात कुणी मागच्या बाकावरून आवाज काढला की ती असंच करायची.

"धाकट्या, तू फ्रेम लावायला आला आहेस."

"हो. पण..."

"फोटोवरून तुला कळलं? एवढ्या लांबून?"

"तू वही न उघडता ओळखायचीस ना, गृहपाठ कुणी केलाय ते?"

"मुलाच्या तोंडावर दिसायचं."

"याच्याही तोंडावर दिसतंय." त्याने तोटीवर टिचकी मारली.

आक्का उठून आली. वाकून बघितलं. जाळं तिलाही दिसलं. ती बोलली तेव्हा आवाज शाळेतला नव्हता. "उद्या सगळी मंडळी येणार आहे रे. आपल्या समितीतले बांधकामवाले अकरावा हापसा जाहीर करणार आहेत, त्यांच्या आईच्या नावाने."

"म्हणूनच आज फोन लाव."

फोन लावायचा कुणाला, हा प्रश्न नव्हता. त्या मुलखातल्या एका शाळेचे गुरुजी गेली दहा वर्षं आक्काशी पत्रव्यवहार करत होते. गावं तेच निवडायचे, फॉर्म तेच भरायचे. आक्काने भजनांच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याला फोन टेकवला. पडद्यावर एक बारीक, पांढऱ्या केसांचा माणूस आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. आक्का त्याच्याशी इंग्रजीत बोलायची आणि भावाला सांगायची. भावाचं बोलणं तिकडे पोचवायची.

"विचार त्यांना, पाचव्या गावातल्या हापशाचा चामड्याचा वायसर शेवटचा कधी बदलला."

आक्काने विचारलं. गुरुजी हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी कॅमेऱ्याबाहेर कुणाला तरी काहीतरी सांगितलं आणि कोंबड्यांचा आवाज बंद झाला.

त्यांनी जे सांगितलं ते आक्काने तुकड्या-तुकड्याने सांगितलं. सात नाही, सहा बंद आहेत. एक तीन वर्षांपासून, बाकीचे मागेपुढे. आतला चामड्याचा वाटीसारखा वायसर झिजतो आणि दांडा नुसताच वर-खाली होतो. तो वायसर जवळच्या बाजारात मिळत नाही. फोटोची मागणी आली तेव्हा त्या गावांतल्या बायका पहाटे नदीवर गेल्या, भांडी भरून आणली, पाटी राखेने घासली आणि उभ्या राहिल्या.

"का?" आक्काने विचारलं. हे तिने भावाच्या वतीने विचारलं नव्हतं.

गुरुजी बोलू लागले. आक्का ऐकत राहिली. मग भावाकडे न बघता तिने सांगितलं, "म्हणतायत, आमचा बंद पडला असं कळवलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की या लोकांना द्यायचं व्यर्थ आहे. मग पुढच्या गावाला हापसा मिळाला नसता. पुढच्या गावाची बारी होती."

वायसर ड्रिलची वायर गुंडाळू लागला. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

"आणि म्हणतायत," आक्का पुढे म्हणाली, "की तुमच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता."

फॉर्म आक्काने बनवला होता. गावाचं नाव, कुटुंबांची संख्या, देणगीदाराचं नाव, पाटी बसवल्याची तारीख, 'पाटी स्पष्ट दिसेल असा फोटो'. पाणी येतं का, हे त्यात कुठेच विचारलं नव्हतं. समितीचा एक जुना नियमही होता: ज्याच्यावर नावाची पाटी लावता येईल अशीच वस्तू द्यायची, म्हणजे देणाऱ्याला उत्साह राहतो. वायसरवर पाटी लागत नाही. समितीत एक मुख्याध्यापिका, एक बांधकाम व्यावसायिक, एक डॉक्टर आणि एक निवृत्त बँक मॅनेजर होते. पाणी समितीत नळवाला नव्हता. हे दहा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, नळवाल्याच्याही नाही.

फोन ठेवल्यावर आक्का खुर्चीवर बसली. "तू एकदा तरी बोलायचंस."

"मला वाटायचं, तुम्ही शिकलेली माणसं. मी आपला रविवारी मागे बसतो, पेटीत पाकीट टाकतो, घरी जातो. झालं माझं गरिबांचं काम."

"माझंही तेवढंच झालं म्हणायचं. फक्त मी पुढे बसते." तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा केला. "लाव फ्रेम."

"सगळ्या?"

"दहाच्या दहा."

त्याने लावल्या. सरळ रेषेत. शेवटची झाल्यावर आक्का स्वतः शिडीवर चढू लागली. त्याने हरकत घेतली तर म्हणाली, "शिडी धर." गुरुजींनी सांगितलेली सहा गावं तिने कागदावर टिपली होती. त्या सहा फ्रेम तिने एकेक करून उलट्या केल्या, तोंड भिंतीकडे. मागचा तपकिरी पुठ्ठा आणि खिळे बाहेर आले.

तेवढ्यात पाळकसाहेब आत डोकावले. वयाने लहान, दीड वर्षापूर्वीच आलेले, आणि बाईंसमोर अजून विद्यार्थ्यासारखे उभे राहणारे. "बाई, हे..."

"साहेब, उद्याचा सत्कार नको."

"कुठला सत्कार?"

"जो मला माहीत नाही, तो."

पाळकसाहेबांनी वायसरकडे बघितलं. वायसरने पाचवी फ्रेम जराशी सरळ करून जाळं दाखवलं आणि पुन्हा उलटी केली. मग दोघा भावंडांनी मिळून सगळं सांगितलं, एकमेकांची वाक्यं तोडत, तू थांब, तू थांब करत. पाळकसाहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "माझं उद्याचं प्रवचन 'देण्यातला आनंद' या विषयावर आहे. टाइप करून तयार आहे."

"मग?" आक्काने विचारलं.

"मग काय, रात्री जागायचं." ते हसले, पण गेले ते डोकं खाजवतच.

रविवारी सभागृह भरलं. आत येणारा प्रत्येक जण आधी भिंतीकडे बघत होता. कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "वायसरने लावल्या असणार, उलट्या लागल्यात." मागच्या बाकावर वायसरच्या बायकोने हे ऐकलं आणि नवऱ्याला कोपर मारलं. "अहो, जा की, सांगा."

"आक्का सांगेल."

आक्काने सांगितलं. उभी राहिली, काही न लपवता, फॉर्मपासून घागरींपर्यंत, पाच मिनिटांत. शेवटी म्हणाली, "चूक समितीची आहे आणि समिती मी आहे. ज्यांना प्रश्न विचारायचेत त्यांनी उपासनेनंतर विचारावेत. मी कुठे पळून जाणार नाही. गुडघे आमच्या घरात सगळ्यांचेच वाईट आहेत." दोन-चार जण हसले. बाकीचे हसावं की नाही हे ठरवत होते.

पाळकसाहेब नेहमीपेक्षा कमी बोलले. त्यांनी विहिरीपाशी थकून बसलेल्या प्रभूची आणि तिथे पाणी भरायला आलेल्या बाईची गोष्ट घेतली, जी तिथल्या लहान मुलांनाही पाठ होती. "आपण नेहमी पुढचा भाग सांगतो, त्याने त्या बाईला काय दिलं तो. पण त्याने सुरुवात कशी केली? त्याने तिच्याकडे पाणी मागितलं. बादली तिच्याकडे होती, विहीर किती खोल आहे ते तिला ठाऊक होतं. आपण दहा वर्षं पाणी दिलं. तिथल्या एकाही माणसाला आपण काही विचारलं नाही." मग ते थांबले, पुढचं पान शोधलं, पुढचं पान नव्हतं, आणि त्यांनी भजनाचा क्रमांक सांगितला.

उपासना संपल्यावर बांधकामवाले सरळ भिंतीकडे गेले. गावातल्या निम्म्या इमारती त्यांनी बांधलेल्या. चौथ्या फ्रेमपाशी उभे राहून त्यांनी विचारलं, "बाई, माझी पाटी यातच होती ना?"

"हो. पाटी चकचकीत आहे. हापसा कोरडा आहे."

"मग दुरुस्त करा. आणि अकरावा आईच्या नावाने बसवा. त्यात काय?"

"अकरावा नको," वायसर म्हणाला. आपण मोठ्याने बोललो हे त्याला नंतर कळलं. "आधी सहा चालू करू. वायसर लागतील, नट खोलायचे पाने लागतील, कुणाला तरी शिकवावं लागेल."

"म्हणजे आईच्या नावाने मी वायसर देऊ? त्यावर तिचं नाव कुठे लिहिणार?"

"लिहिता येणार नाही. तो आत बसतो. दिसत नाही."

बांधकामवाल्यांनी फ्रेमच्या पुठ्ठ्याकडे एकदा बघितलं आणि चहा न घेताच गेले. आक्का म्हणाली, "गेले एक देणगीदार." पण तिने त्यांना परत बोलावलं नाही.

बुधवारी त्यांच्या ड्रायव्हरने वायसरच्या दुकानासमोर चामड्याची एक जाड गुंडाळी आणून टाकली. वर चिठ्ठी होती: 'आईसाठी. पाटी नको.'

त्या गुंडाळीतले पहिले नऊ वायसर वायसरने वाया घालवले. नळाचा चपटा वायसर निराळा आणि हापशाचा वाटीसारखा निराळा. चामडं भिजवायचं, साच्यात दाबायचं, वाळवायचं, मग मेणात मुरवायचं. त्याने सुताराकडून कठीण लाकडाचा साचा बनवून घेतला, एक बाहेरचा आणि एक आत बसणारा ठोकळा. दहावा वायसर जमला. तो त्याने बायकोला दाखवला. ती म्हणाली, "छान. आता आपल्या मोरीचा नळ बघा, दोन महिने गळतोय."

पुढच्या शनिवारी पुन्हा फोन लागला. या वेळी गुरुजींच्या शेजारी एक धिप्पाड बाई बसली होती. ती तिथल्या आठवडी बाजारात चामड्याचे पट्टे आणि खोगिरं शिवायची. वायसरने अभिमानाने वायसर कॅमेऱ्यासमोर धरला. बाई पुढे झाली, डोळे बारीक केले आणि काहीतरी बोलून खो-खो हसली. गुरुजींनी ते आक्काला इंग्रजीत सांगितलं.

"काय म्हणतेय?"

आक्काला सांगायला जड जात होतं. "म्हणतेय, हे चामडं लाड करून वाढवलेल्या जनावराचं आहे. आमच्या पाण्यात रेती असते. महिनाभर टिकणार नाही."

"मग कसलं पाहिजे?"

"पाठीकडचं, जाड. ते तिच्याकडे आहे म्हणे, ढीगभर. मेणही आहे. तिला फक्त वाटीचं माप ठाऊक नव्हतं. हापसा तिला कुणी उघडून दाखवलाच नाही. गुरुजींनाही कधी सुचलं नाही तिला विचारायचं, ते आत्ता कान पकडतायत."

वायसरने हातातला दहावा वायसर खाली ठेवला. मग लाकडी साचा उचलला, दोन्ही ठोकळे सुटे करून दाखवले, पुन्हा एकात एक बसवले. पलीकडच्या बाईचं हसू थांबलं. तिने बोटाने खूण केली, पुन्हा कर. त्याने पुन्हा केलं. नंतरचा पाऊण तास आक्काला फारसं काम पडलं नाही. तो आपल्या भाषेत बोलत होता, ती तिच्या, आणि दोघांच्या हातांना कळत होतं.

म्हणून तिकडे पाठवलेल्या पार्सलमध्ये वायसर गेले नाहीत. सहा साचे गेले, आणि पाइप उघडायचे पाने, बांधकामवाल्यांच्या गोदामातून निवडलेले. चामडं इथेच राहिलं. त्यातून सभागृहाच्या करकरणाऱ्या दारांना पट्ट्या झाल्या आणि वायसरच्या मोरीतल्या नळाची गळती अखेर थांबली.

आक्काने नवा फॉर्म केला. वरून चौथ्या ओळीत तिने रकाना घातला: 'हापशाखाली चिखल आहे का?' समितीतल्या डॉक्टरांना हा शब्द अशोभनीय वाटला. 'ओलावा' लिहावं अशी त्यांनी सूचना केली. समितीच्या नव्या सभासदाने ती फेटाळली. नवा सभासद बैठकीला उशिरा आला होता, कारण कुणाचा तरी नळ गळत होता.

चार महिन्यांत सहापैकी पाच हापसे सुरू झाले. बातमी एकेक करून आली आणि आक्का एकेक फ्रेम सरळ करत गेली. सहावा झाला नाही. तिथे वायसर ठीक होता, खालचं पाणीच आटलं होतं. चामडेवाल्या बाईने सगळा हापसा खोलून, बघून, पुन्हा बसवून तसं स्वच्छ सांगितलं. त्या गावासाठी नवी जागा बघायची की नदीवरून नळ आणायचा, हे या वेळी आधी त्या गावाला विचारलं गेलं. गावाने नळ सांगितला. ते काम अजून चालू आहे, आणि ती एक फ्रेम अजून उलटी आहे. नवीन माणूस आला की विचारतो. आक्का त्याला सांगते. फ्रेम सरळ करा असं पाळकसाहेबांनीही कधी म्हटलेलं नाही.

पाचव्या गावातून, जिथे तोटीला जाळं होतं तिथून, परवा नवा फोटो आला. कुणी काढला ते कळत नाही, पण घाईत काढलेला आहे. वाकडा, अर्धवट. पाटीचा नुसता कोपरा दिसतो, तोही डागाळलेला. एका बाईचं कोपर, कुणाची तरी पाठमोरी आकृती, आणि बाकी सगळा फोटोभर चिखल. चिखलात पावलांचे ठसे, लहान, मोठे, कोंबड्यांचेसुद्धा.

आक्काने तो सगळ्यात मोठा करून घेतला. वायसरने भोक पाडलं. फ्रेम टांगली, मागे सरकला, आणि आक्का काही म्हणायच्या आत म्हणाला, "सरळ आहे. फोटो तिरका आहे."

रविवारी बांधकामवाले त्या फ्रेमपुढे बराच वेळ उभे राहिले. या वेळी त्यांच्या हातात चहाचा कप होता.

"बाई, फोटो जरा बरा नाही का मिळाला? यात माणसं कुठे आहेत?"

"पाणी घेऊन घरी गेली," आक्का म्हणाली.